चोख माल

गोळी केवढी होती, ते मुन्सिफसाहेबांनी दाखवायला सांगितलं. मथुराबाईनं अंगठ्याचं नख बोटाच्या पेरावर टेकवलं. मुगाएवढी. सरकारी वकील आण्णासाहेबांनी ते उर्दूत सांगितलं आणि पेशकारानं लिहून घेतलं. निजामाच्या राज्यात धाराशिवच्या अदालतीचा कारभार सगळा उर्दूत. तिच्याच लेकराच्या मरणावर चार शहाणी माणसं बोलत होती आणि तिला त्यातलं 'अफीम' तेवढं कळत होतं.

गहिनी सहा महिन्यांचा होता. लढाईच्या सालांतली ज्वारीची काढणी. रोजानं यायला माणूस मिळत नव्हतं. वाशीकडच्या गावांत काढणीला जाणारी बाई तान्ह्याला दुधात अफू उगाळून चाटवी, बाभळीला झोळी बांधी आणि कामाला लागे. लेकरू दुपारपर्यंत निजे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट रडकं पोर घेऊन रानात येणारीलाच बाया नावं ठेवत. घरातली जुनी अफू संपली होती, म्हणून नवरा बलभीम वाशीच्या पंचाक्षरीकडून नवी घेऊन आला. मथुराबाईनं नेहमीच्या मापानं चाटवली. दुपारी पाजायला गेली, तेव्हा गहिनी झोळीत निळा पडला होता.

तेव्हापासून ती रडली नव्हती. भाकरी थापायची, पाणी भरायची, कुणी विचारलं तर तेवढ्यास तेवढं बोलायची. सासू दगडाबाईनं मात्र एकच धरून ठेवलं होतं. आपण पाच पोरं याच मापावर वाढवली, सुनेची वरची तिन्हीही याच मापावर वाढली, मग हेच कसं गेलं? हिनंच हात सैल सोडला. दोन वर्षांच्या गोदीला ती आता आईजवळ निजूही देत नव्हती.

बलभीम म्हणाला होता, पंचाक्षरीच्या मालात विष होतं असं एकदा अदालतीनं म्हटलं, की आईचं तोंड बंद होईल. मथुराबाईला दुसरं काही नको होतं. वरच्या खुर्चीवरून कुणीतरी सांगावं, की पोराला पंचाक्षरीनं मारलं. त्यानं मारलं नसेल तर तिनं मारलं; तिसरं होतंच कोण?

पंचाक्षरी हा वाशीचा अफूचा दुकानदार. दुकान सरकारी परवान्याचं. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, पण आज पिंजऱ्यात उभा राहून पार सुकून गेला होता. त्याचा माल हैदराबादला तपासून आला होता. त्यात विष नव्हतं. अफू होती, सरकारी गोदामातून निघाली तशी, चोख.

मग मुन्सिफसाहेबांनी त्याला सरळच विचारलं. बाई तीच, माप तेच, दुकानही तेच. तीन लेकरं जगली आणि चौथं मेलं, ते कसं?

त्याच्या वकिलानं हळूच मान हलवली, बोलू नको म्हणून. पण गळ्याशी आलं की माणूस वकिलाचंही ऐकत नाही. पंचाक्षरी मराठीतच बोलला, मथुराबाईकडे न बघता.

"साहेब, पयलं म्या निम्म्यानं काथ घालूनच इकत व्हतो. माझा बापबी तसाच इकायचा. गेल्या श्रावणात मठात अय्या स्वामींच्या म्होरं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घेतली, का हितनं फुडं भेसळ करायची न्हाय. तवापासनं चोख इकतुया."

हे गिऱ्हाइकांना सांगितलं होतं का, साहेबांनी विचारलं.

"कसं सांगू? सांगितलं असतं तर आधीचं समदं कबूल केल्यावानी झालं असतं."

हे मथुराबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सासू तिच्या सासूकडून जे माप शिकली आणि सुनेला जे शिकवलं, ते निम्म्या काथाचं माप होतं. माणूस सुधारला, माल सुधारला, मापाला मात्र कुणी सांगितलं नाही. तिचा हात सैल सुटला नव्हता. तिला हायसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

दिवस कलला तेव्हा निकाल वाचला. तिला 'कैद' एवढाच शब्द समजला. जवानानं पंचाक्षरीचा दंड धरला आणि त्याला मागच्या दारानं नेलं.

बलभीम धावतच बाहेर गेला. दगडाबाई गोदीला घेऊन लिंबाखाली बसली होती. पंचाक्षरीनं काय कबूल केलं आणि त्याला कैद लागली, ते लेकानं तिला सांगितलं. सून येऊन शेजारी बसली, तेव्हा दगडाबाईनं गोदीला उचललं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं. चुकलं म्हणायची रीत त्या काळच्या सासवांना नव्हती. समजायचं ते यातच समजायचं. पोरीनं आईचा पदर मुठीत घट्ट धरला.

आण्णासाहेब पायऱ्या उतरून आले. मथुराबाईनं बसल्या जागेवरूनच त्यांना हाक मारली.

"वकीलसाहेब, माझ्या गहिनीला मारलं म्हणूनच गेला न्हवं त्यो तुरुंगात?"

आण्णासाहेब थांबले. हो म्हणून टाकावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं असावं. पण तसं ते बोलले नाहीत.

"नाही, बाई. त्यातून तो सुटला. परवान्याच्या दुकानात चोख माल विकणं हा काही गुन्हा नाही. त्याला कैद लागली ती आधीच्या भेसळीबद्दल."

मथुराबाईनं मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. ती त्या भेसळीवरच जगली होती.