जाळी दिसत नाही

धाकट्या जावेने न्हाणीघर नव्याने करून घेतलं आणि थोरलीला कौतुकाने बघायला बोलावलं. दाराला उंबरा नव्हता, आत कुठे जाळी म्हणून दिसत नव्हती. बादलीभर पाणी ओतलं, तर ते मुकाट्याने भिंतीकडे सरकलं आणि कडेच्या केसाएवढ्या फटीत गडप झालं.

"जाळी फरशीखाली दडवलीय, जाऊबाई. उतार कसा द्यायचा ते मीच काढून दिलं," धाकटी म्हणाली. थोरली तोंडदेखलं हसली, पण तिच्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

घरी येताच तिने नवऱ्यामागे भुणभुण लावली.

"अगं, आपलं चांगलं धडधाकट आहे की!"

"हो ना! तिने मिरवायचं आणि मी जाळीतले केस उपसत बसायचं!"

शेवटी धडधाकट न्हाणीघर फोडलं. थोरलीने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून हुबेहूब तसंच करून घेतलं, वर फरशी धाकटीपेक्षा भारी निवडली. मग तिला मुद्दाम बोलावलं आणि नळ सोडून तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. आता पडेल, मग पडेल, पण धाकटीचा चेहरा काही पडेना. उलट तो उजळला.

 

"बाई, जीव भांड्यात पडला! सासूबाईंची चाकांची खुर्ची तुमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडते, असं तुम्हीच म्हणायचात ना? आता उंबराच गेला; उद्याच आमच्याकडून इकडे आणून सोडते त्यांना."