भला माणूस

मशिदीच्या अंगणात दगडी ओट्यावर सैफेत्तिनची शवपेटी ठेवली होती. रिवाजाप्रमाणे इमामांनी जमलेल्यांना विचारलं, “कसा होता हा माणूस?”

“भला माणूस होता!” अख्खी गल्ली एका सुरात म्हणाली.

“त्याने तुमचं काही वाईट केलं असेल, तर माफ केलंत?”

“केलं!”

“मी नाही केलं!” मागे उभ्या असलेल्या बायकांमधून त्याची मुलगी नेबाहत ओरडली.

सगळ्यांच्या माना वळल्या. तिचा काका शुक्रू तरातरा तिच्यापाशी आला. “जिभेला काही हाड आहे का तुझ्या? बाप आहे तो! एकाने जरी नाही म्हटलं, तरी ते ओझं घेऊन त्याला अल्लासमोर उभं राहावं लागेल. मेलेल्या माणसावर कसला सूड उगवतेस?”

“बाबांना मी केव्हाच माफ केलंय, काका. शेवटचं पाणीसुद्धा मीच पाजलं.”

“मग हा तमाशा कशाला?”

“बाबा आईला मारायचे, तेव्हा मी तुमचं दार बडवायचे. तुम्ही आतून रेडिओ मोठा करायचात. समोरचे खिडक्या लावून घ्यायचे. आणि आज म्हणे भला माणूस!”

नेबाहतने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि इमामांना सांगितलं, “बाबांना माफ केलं. न्या त्यांना.”

मग ती काकाकडे वळली. “आज नुसता माझा आवाज लागतो का ते बघितलं. तुमच्या मयतीला मी नक्की येणार.”