शंभर टक्के वाचन

न वाचणारं एक जरी मूल सापडलं, तरी मुख्याध्यापकांवर कारवाई होईल, असा शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश आला. तपासणीच्या आदल्या दिवशी पालिका शाळेच्या मुख्याध्यापिका जयमालाबाईंनी चौथीतल्या करिष्माच्या आईला फोन केला.

"उद्या तिला घरीच ठेवा."

"बरं बाई. मी पण मग चाकणला जात नाही, कंपनीत सुट्टी टाकते." आईने कारणही विचारलं नाही.

तपासणी छान पार पडली. साहेब खूश झाले आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकावर फलक लागला. करिष्मा त्याच्याखाली थांबली.

"बाई, काय लिहिलंय?"

जयमालाबाईंनी फलकाकडे न बघताच सांगितलं, "या शाळेतल्या प्रत्येक मुलाला वाचता येतं."

"मग मी आता कुठल्या शाळेत जायचं?"