क्लेटनची काठी

लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, खेळणाऱ्या माणसाला त्याच्या लाकडी काठीसकट पुरायचं, कारण पलीकडेही सामने असतात, अशी ग्रँड रिव्हर नदीकाठच्या मूळनिवासी वस्तीची रीत. बाईमाणसानं त्या काठीला हात लावायचा नाही. म्हणून क्लेटन गेल्यावर त्याच्या बायकोनं, अल्फ्रेडानं, काठी शवपेटीत ठेवायचं काम ऑर्विलला सांगितलं.

ऑर्विलला आयतं घबाडच मिळालं. ऑर्विल पैसे घेऊन मोठ्या संघातून खेळायचा, तेव्हा या क्लेटननं त्याला दरवर्षी धूळ चारली होती. गुडघे गेले म्हणून ऑर्विल प्रशिक्षक झाला, तर तिथंही क्लेटननं शिकवलेल्या पोरांनी त्याच्या पोरांना लोळवलं. सगळे जेवणातल्या मक्याच्या सूपकडे वळलेले बघून त्यानं काठी पेटीत ठेवता ठेवता जाळीच्या गाठी हळूच सोडल्या. आता झेल म्हणावं चेंडू!

"झाल्या का सोडून?" मागून अल्फ्रेडा म्हणाली.

ऑर्विल दचकला. "काही नाही गं, जाळी तपासत होतो."

"गप रे. त्यानं जायच्या आधीच सांगितलं होतं, ऑर्विल शेवटी रडीचा डाव खेळणारच."

"आणि तरी मलाच बोलावलंस?"

"त्यानंच बोलवायला लावलं. म्हणाला, सोडू दे गाठी. तो येईपर्यंत मी तरी कुणाशी खेळणार? निवांत बांधत बसेन."