ओट्याची कड

“कुठून सुरू होतं?” डॉक्टर पद्मजांनी विचारलं.

“कमरेतून,” मृणाल म्हणाली. “मग मांड्यांत उतरते. कोणी ओला कपडा पिळून राहिलं, असं वाटते.”

शेजारच्या खुर्चीवर तिची आई गुंजन दचकली. हेच शब्द तिने कधीतरी फोनवर आपल्या बहिणीला सांगितले होते. हे पिळणं तिला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तिचं काय, तिला सवय झालेली. पण तेरा वर्षांच्या पोरीला आपण हेच द्यावं?

रविवारी मृणाल स्वयंपाकघरात ओट्याची कड धरून वाकली होती. सासूबाई बेबीताई खाली बसून वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बाईच्या जातीले हे असतेच. गरम पाण्याची पिशवी दे तिले. दवाखान्यात काऊन नेऊन राहिली? आमाले नेलं होतं का कोणी?”

“तुमाले नाही नेलं, म्हणून इलेही नाही न्यायचं का?”

लग्नाच्या चौदा वर्षांत गुंजन पहिल्यांदाच उलटून बोलली होती. वाटाण्यांचा आवाज थांबला होता.

मग तिने कपाटातून फाइल काढली. फायली ठेवणं ही तिचीच शिस्त. नवरा मोहित स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर, त्याच्या छातीच्या तपासण्यांची एक. सासूबाईंच्या शुगरची एक. आणि मृणालची, पहिल्या लसीपासूनची. कोणाला कधी किती ताप होता, वेळेसकट लिहिलेलं.

आज सकाळी गुंजनने दोन गोळ्या चहाबरोबरच गिळल्या आणि स्कूटी काढली. रिसालीच्या घरून कोहक्याच्या दवाखान्यापर्यंत प्रत्येक ब्रेकरला तिचा श्वास अडकत होता. “आई, आराम से,” मागून मृणाल म्हणत होती. दुखतंय पोरीला आणि धीर तीच देते, या विचाराने गुंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गोळीने थांबतं?” डॉक्टर लिहीत होत्या.

“पहिले एका गोळीने थांबायचं. आता दोन घेतल्या तरी नाही थांबत.”

दोन? गुंजनने चमकून पाहिलं. औषधांचा डबा तिच्याच ताब्यात होता. पोरीने घेतल्या केव्हा?

“उलटी होते?”

“दुसऱ्या दिवशी. पण नळ सोडून ठेवला, की बाहेर आवाज नाही येत.”

गुंजनने मांडीवरची फाइल मिटली. नळ सोडायची युक्ती घरात कोणालाच माहीत नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं. आपण डोळ्यांत तेल घालून जपतो म्हणवतो, आणि आपली पोर आपल्याच घरात, आपल्यासारखीच लपून सोसते?

“पॅड किती वेळात भरतं?”

“तासाभरात. गुठळ्याही पडतात. आणि आता तर पाळी नसतानाही दुखून राहिलं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा,” त्या गुंजनकडे वळल्या. “पाळीत थोडं दुखतं. शेक, थोडं चालणं-फिरणं, आणि दुखायला लागल्याबरोबर, पोटात काही घालून, आम्ही सांगू तेवढीच गोळी. बहुतेकींना एवढ्याने उतार पडतो. पण गोळीला जुमानत नाही, वाढतच जातं, अंगावरून इतकं जातं, ते घरी सोसायचं दुखणं नव्हे. सोनोग्राफी लागेल, रक्त तपासावं लागेल. इतके दिवस थांबायला नको होतं.”

“माझंच चुकलं, मॅडम,” गुंजन रडतच म्हणाली. “मीच पाहिलं नाही. कधीपासून सहन करून राहिली ही, मले बोलली पण नाही...”

“रडू नका. होईल उपाय.” डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं. “बेटा, हे कधीपासून आहे?”

“सोळा वर्षांपासून.”

पेन थांबलं. डॉक्टरांनी केसपेपरवरचं वय पाहिलं, मग मृणालकडे.

मृणाल आईकडे बघत नव्हती. “माझं गरम पाण्याच्या पिशवीनं थांबते, मॅडम. ओटा मी खोटाच धरला होता, हिच्यासारखा. माझ्यासाठी ही कुठंही जाते. स्वतःसाठी आली नसती.”

तिने दप्तरातून एक कोरी करकरीत फाइल काढली आणि टेबलावर सरकवली. आत आठ महिन्यांच्या तारखा होत्या, वेळेसकट. वर नाव होतं गुंजनचं.