पलीकडची खोली

फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हल्ली मात्र दुपार होईस्तोवर ती पार गळून जायची, बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि आधीच तापलेलं गिऱ्हाईक आणखी भडकायचं. शेवटी साहेबांनी तिला श्वासाचे धडे देणाऱ्या बाईंसमोर नेऊन बसवलं.

बाई थोडा वेळ तिचं काम नुसतं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोनवरचा माणूस जरा गप्प झाला, की तुम्ही श्वास धरून बसता. दमणार नाही तर काय?"

"सवयच लागलीय. आईची छाती भरलेली असते, ती पलीकडच्या खोलीत झोपते. तिचा श्वास चालू आहे ना, हे भिंतीतून ऐकायचं तर आधी आपला थांबवावा लागतो."

"अहो, मग मधलं दार उघडं ठेवा की. आईंचा आवाजही येईल आणि तुम्हालाही पोटभर श्वास घेता येईल."

तिने मान डोलावली. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही, असं म्हणून हसलीसुद्धा.

घरी गेल्यावर तिने खरंच ते दार उघडलं. खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली होती, तेराव्याला आलेले सगळे गेल्यावर मावशीने ठेवली होती तशीच. तिने दार हलकेच लोटून घेतलं, भिंतीला टेकून बसली आणि श्वास रोखला.

दार बंद असलं, की निदान ऐकायला तरी बसता येत होतं.