नवरदेवाची शेवटची फेरी

"चारी पायांचे नाल काढले, वैनी," फक्रुद्दीन हातातली कानस झटकत म्हणाला. "उद्या टेम्पोत चढताना घसरायचा न्हाई आता."

लंकाबाईनं तट्टाच्या मानेवरून हात फिरवला. आयाळीत आता काळा केस उरला नव्हता. दात पडून गेले होते. भिजवलेल्या कोंड्याशिवाय काही चालत नव्हतं. उद्या नगरच्या बाजूची एक संस्था त्याला न्यायला येणार होती. तिथं म्हाताऱ्या जनावरांसाठी डॉक्टर होता, सावलीही होती.

तट्टाचं नाव नवरदेव. आधी तो वरातीत चालायचा. पाय दुखावल्यावर मालकानं त्याला पाथर्डीच्या रस्त्यावर सोडून दिलं. लंकाबाईच्या नवऱ्यानं, कानिफनाथानं, तो बघितला आणि टेम्पोत घालून घरी आणला. पायाला हळद-तेल लावलं, रात्र रात्र शेकला. पोरगी घर सोडून गेली त्याच वर्षीची ही गोष्ट.

पोरीनं मनानं लग्न केलं, तेव्हा कानिफनाथानं साऱ्या आळीसमोर तिच्या नावानं अंघोळ केली होती. लंकाबाईनं तिचं जेवणाचं ताट उचलून मोडीत टाकलं होतं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांसमोर पोरीचं नाव काढलं नव्हतं.

नवरदेव बरा झाल्यावर कानिफनाथ दर गुरुवारी दुपारी त्याला घेऊन बाहेर पडायचा. "पाय मोकळा करून आणतो त्याचा," एवढंच सांगायचा. दिवे लागताना परतायचा. येताना चेहरा निवलेला असायचा. लंकाबाई काही विचारायची नाही. आळीतल्या बायका मात्र बोलायच्या.

आता विचारायचं म्हटलं तरी सोय नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी कानिफनाथाचं अर्धं अंग लुळं पडलं, जीभही गेली. तेव्हापासून लंकाबाईचा पाय घराबाहेर पडला नव्हता. गुडघे शेकायला ती दर मंगळवारी नेवाशाला जायची, तेही बंद झालं होतं. दिवसभर ती त्याला चमच्यानं पेज भरवायची आणि प्रत्येक चमच्याला तिच्या मनात एकच यायचं, हे तोंड आणखी कुणाच्या हातचं खात होतं का?

"भाऊ, एक विचारू?" ती फक्रुद्दीनला म्हणाली. "तुमी त्यांचे दोस्त. गुरुवारी कुठं जायचे ते?"

फक्रुद्दीननं कानस पिशवीत ठेवली. पिशवीची दोरी बांधायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"मला कशाला विचारता, वैनी? आज गुरुवारच हाय. ह्याचा लगाम सैल सोडा, कुठं न्हेतो बघा. उद्यापासून हा पण सांगायचा न्हाई. मी बसतो कानिफजवळ."

लंकाबाई आत डोकावली. खाटेवरून कानिफनाथ दाराकडं टक लावून होता. चांगला हात त्यानं किंचित उचलला. ये म्हणतोय की जाऊ नको म्हणतोय, ते कळलं नाही. ती वळली आणि तिनं नवरदेवाचा दोर सोडला.

तट्टू सावकाश चालू लागलं. दारूच्या दुकानासमोरून मान न वळवता गेलं. पुढं बायडाबाईचं घर आलं. बायडाबाई विधवा, तोंडानं फटकळ. लंकाबाईनं त्या दाराकडं पाहिलं. तट्टू थांबलं नाही. बायडाबाईच दूध-भाकरीचा काला घेऊन रस्त्यात आडवी आली.

"निघाला व्हय गं नवरदेव सासरला? खा बाबा, शेवटचं खा." तिनं तट्टाच्या नाकावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे टिपले. मग लंकाबाईकडं पाहिलं. "आन तू गं? चालतीस तर पोरीवानी. गुडघं कुठं ठेवून आलीस?"

"घरी."

"आन माझ्या दाराकडं काय टकामका बघतीस? तुझा म्हातारा माझ्याकडं येत न्हवता बाई. मला पायजेल तसा गावात एक बी न्हाई."

लंकाबाई हसली नाही, पण तिची पावलं जरा हलकी पडू लागली.

पाटाच्या पुलावर नवरदेव नेवाशाच्या बाजूला वळला. लंकाबाईनं लगाम खेचला. "तिकडं न्हाई. चल माघारी." तिनं मागं वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तट्टू चारी पाय रोवून उभं होतं. मग तिनं हात सैल केला.

पाटाच्या कडेची उसातली पायवाट. ह्या वाटेनं ती कधी आली नव्हती. तट्टाला मात्र खड्डान्‌खड्डा माहीत होता. दम लागला की थांबायचं, पुन्हा चालायचं. ऊस संपला तशी घरांची एक रांग दिसली, साऱ्या घरांच्या पाठी ह्या बाजूला. वाळत घातलेल्या गोधड्या, शेळी, अर्धवट उघडं एक निळं दार. नवरदेव त्या दाराशी गेला आणि सवयीनं डोकं आत घालून फुरफुरला.

आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"आलात व्हय आण्णा?" आतून बाईचा आवाज आला. "दोन गुरुवार झाले, वाट बघून जीव गेला माझा. थांबा, ह्याचा कोंडा भिजवून आणते. आईला काय सांगून आलात आज?"

लंकाबाई भिंतीला टेकली. आवाज पोरीचा होता, निकिताचा.

निकिता घमेलं घेऊन बाहेर आली. तट्टाला पाहून हसली, मग लगाम धरलेल्या हाताकडं तिची नजर गेली. तिचा चेहरा उतरला.

"आई? तू मागच्या दारानं कशी?" ती म्हणाली. "तू तर दर मंगळवारी पुढच्या दारानं येतीस."